तुमच्याच डब्यातल्या दोन गोळ्या

आई, बाबा,

फोन लावला की दुसऱ्याच मिनिटाला आईचं "जेवलास काय" येतंय आणि पुढचं सगळं घशातच राहतंय, म्हणून शेवटी लिहूलालोय. बाबा, चष्मा लावा, सावकाश वाचा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. सकाळच्या गोळ्या घेतल्या नसतील तर आधी त्या घ्या, मग पुढचं वाचा.

दिवाळीत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून "मी आतनं मुलगी आहे" असं जे सांगितलं ते ऐकून बाबा तुम्ही गाडीला किक मारून बाहेर गेलात आणि आई तू करंज्या तळत राहिलीस. त्यानंतर कुणीच तो विषय काढला नाही, मी पण नाही. पण माझ्याकडनं तो थांबलेला नव्हता. हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्यात. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवसापासून, आज 52 दिवस झाले. विचारून करायला पाहिजे होतं असं तुम्हाला वाटणार, पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मी तरी पण घेतल्या असत्या, मग नको म्हटल्याचं तुमच्या जिवाला आयुष्यभर लागून राहिलं असतं. असं मी स्वतःला समजावलंय. खरं म्हणजे घाबरलो होतो, एवढंच.

एक खोटं पण बोललोय, ते आधी सांगून टाकतो. एप्रिलमध्ये मी आईला फोन करून "तुझ्या आत्याच्या पायाला काय झालं होतं, रक्ताची गाठ होती काय नुसती सूज" असं खोदून खोदून विचारलं आणि इन्शुरन्ससाठी पाहिजे म्हणालो. इन्शुरन्स नाही, डॉक्टरांना पाहिजे होतं. या औषधानं पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो म्हणून घरात कुणाला झालीय काय ते आधी विचारतात. तू बिचारी ताईला फोन लावून, मामाला विचारून सगळी माहिती गोळा करून दिलीस, वर आणि "पोराला इन्शुरन्सचं टेन्शन आहे" म्हणून शुक्रवारी देवीला नारळ फोडलास. ते मनाला फार लागलंय. तुझी आत्या नुसती सुजेचीच निघाली, माझं पण सगळं रक्त तपासून झालंय, लिव्हर, किडनी, शुगर, चरबी, सगळं नॉर्मल. सिगरेट मी ओढत नाही (बाबा, ते कॉलेजमधलं एकदाच), ते बरं झालं, कारण सिगरेटनं तो गाठीचा धोका आणखी वाढतो.

आता गोळ्यांचं. दोनच आहेत आणि दोन्ही आपल्या घरात येऊन गेल्यात. आई, तुझी पिशवी काढली तेव्हा अंडाशयं पण काढली, नंतर तुला रात्री दरदरून घाम फुटायचा, तू उठून पंख्याखाली पाटावर बसायचीस आणि मी तुझ्या पाठीवर ओला टॉवेल ठेवायचो, आठवतंय? तेव्हा तुला जी हार्मोनची गोळी दिली होती ती इस्ट्राडायोल. तीच मी घेतोय, 2 मिलीग्रॅम. आणि दुसरी बाबा तुमची, पाय सुजून दम लागायला लागला तेव्हा हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन. तुमची 25 ची, माझी 50 ची. तुमच्यात ती जादाचं पाणी काढते, माझ्यात पुरुषी हार्मोनला अडवते, गोळी तीच. तुमच्या छातीत दुखरी सुपारीएवढी गाठ आली होती आणि डॉक्टर म्हणाले या गोळीनं होतं असं कधीकधी, तुम्ही लाजून कुणाला बोलला नाही, आईनंच मला हळूच सांगितलं होतं. बाबा, तुम्हाला झालेला साइड इफेक्ट मला पैसे देऊन पाहिजे आहे, आता हसा नाहीतर चिडा. आणि हो, रात्री दोनदा उठायला लागतं म्हणून तुम्ही ती गोळी सकाळीच का घेता ते आता मला पण कळलं.

मेडिकलवाल्यानं पहिल्यांदा दोन्ही पाकिटं काउंटरवर ठेवली तेव्हा मी जरा वेळ नुसता बघतच राहिलो. फ्रिजवरचा तुमचा तो निळा डबा डोळ्यापुढं आला, सोमवार ते रविवार लिहिलेला.

तुम्ही विचारणार, मानसोपचारवाल्याकडं जाऊन बरं झालं नसतं काय. गेलो होतो की. बऱ्याच बैठका झाल्या, त्यांनी लिहून दिल्यावरच हार्मोनच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, बाबांच्या शुगरला बघतात तसलेच एंडोक्रायनोलॉजिस्ट. हा मानसिक आजार नाहीच असं जागतिक आरोग्य संघटनेनंच ठरवलंय, त्यांच्या यादीत 2022 पासून हे मानसिक आजारांत येत नाही. आणि अंगात कधीपासून आहे म्हणाल तर बाबा, तुमची सीमाप्रश्नाची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझी त्याच्या आधीपासून घरात आहे. किल्ला तळ्याचा दिवस आठवा. तुम्ही मला गाडीवर मागं बसवून आणलंत, वाटेत थांबून कुंदा घेतलात आणि काहीही विचारलं नाहीत. मी अजून ते विसरलो नाही. तसं परत कधी होऊ नये म्हणून हे करतोय, याच्यापेक्षा जास्त त्यावर नको लिहायला.

आई, तुझी भीती मला माहीत आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरनं येताना त्या साडी नेसलेल्या जोगप्पांनी माझ्या गालाला हात लावला आणि तू मला खसकन ओढून पदराआड घेतलंस, सात वर्षांचा होतो मी. आणि मंगळवारी तेच परडी घेऊन दारात आले की तू सूपभर तांदूळ घालून, पाया पडून "उदं गं आई" म्हणायचीस. आपल्या पोराच्या हातात परडी येणार असं तुला वाटत असणार. येणार नाही गं. नोकरी आहे, पीएफ आहे, ऑफिसात एचआरला सांगितलंय, कुणी काही बोललं नाही, नुसता एक फॉर्म भरायला लावला. पण त्या लोकांना पण वाईट म्हणू नकोस. त्यांच्यातल्याच मंजम्मा जोगतींना 2021 मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री मिळाली, त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली तेव्हा टीव्हीसमोर डोळे कुणी पुसले होते? मी नाही.

काय बदलणार ते सांगतो, नाहीतर तुम्ही काहीतरी भलतंच मनात आणाल. सगळं हळूहळू आहे, दोन-तीन वर्षांचं काम. कातडी मऊ होते, चेहरा जरा भरतो, अंगावरचे केस विरळ होतात, जोर कमी होतो (बाबा, तांदळाचं पोतं आता पिंट्याला उचलायला सांगा), छाती थोडी येते आणि ती गोळ्या थांबवल्या तरी जात नाही, बाकीचं बरंचसं परत फिरतं. दाढी गोळ्यांनी जात नाही, त्याला लेझर करूलालोय, रबरबँड तडकन बसल्यासारखं दुखतं. उंची तेवढीच. आणि आवाज बदलत नाही. या गोळ्यांनी फुटलेला आवाज परत फिरत नाही, म्हणजे फोन उचललात की तोच येणार.

बोलणं पण तेच. पुण्यात आलीस तेव्हा समोरच्या काकूंना तू "मी आत्ताच जेवलो" म्हणालीस आणि त्या तोंडावर हात ठेवून हसल्या, तू दिवसभर गप्प होतीस. आपल्याकडं बायका येतो, जातो, जेवलोच म्हणतात, त्यांना काय ठाऊक. मला पण इथल्या मैत्रिणी म्हणतात आता येते-जाते म्हणायला शिक. मी म्हटलं माझी आई येतो म्हणते, आज्जी येतो म्हणायची, मी पण येतोच म्हणणार.

नातवंडांचं तू मनातल्या मनात म्हणालीच असशील. औषध सुरू करायच्या आधी त्याची सोय करून ठेवलीय, बँकेत ठेवतात तसं. पुढचं पुढं बघू. त्यावर ताईशी बोल, तिला माहीत आहे, तिच्यावर रागवू नकोस, मीच तिला शपथ घातली होती.

गणपतीला येणार. सैल कुर्ता घालून येतो, आरतीला मागं उभा राहतो, शेजारचे काही विचारणार नाहीत, विचारलं तर पुण्याचं पाणी मानवलंय म्हणा. नाव एवढ्यात नको. बेळगावचं बेळगावी 1 नोव्हेंबर 2014 ला झालं, बाबा अजून कंडक्टरशी भांडून बेळगावचंच तिकीट मागतात, त्यांच्याकडनं नवीन नाव लगेच यावं एवढी माझी छाती नाही. घरात सोनूच म्हणा. सोनू मुलाचं पण चालतंय, मुलीचं पण.

मी नीट आहे. जेवणाचा डबा बंद केला, भाकरी करणाऱ्या मावशी मिळाल्यात, विजापूरच्याच आहेत, झुणका आपल्यासारखा तिखट करतात. झोप लागते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आहे, रिपोर्ट बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, फाइलला लावून ठेवा तुमच्यासारखं, तारखेनं.

आता तुमचं. आई, ते बीपीवाल्यांचं म्हणून आणलेलं लो सोडियम मीठ आजच्या आज बंद कर. त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांच्या त्या गोळीनं पोटॅशियम आधीच वाढतं, दोन्ही मिळून हार्टला त्रास होतो. हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुमचाच डबा आठवला. साधंच मीठ वापर, कमी घाल. रोज सकाळचं शहाळं पण बंद, मी पण सोडलंय. बाबांचं पोटॅशियम शेवटचं कधी तपासलंय? फाइलीत बघा, सहा महिने झाले असतील तर सोमवारी जाऊन या. पाऊस लागला असेल, बाबा ओव्हरब्रिजवरनं गाडी चालवू नका, रिक्षा करा, पैसे टाकलेत. आईचा गुडघापट्टा जुना झालाय, नवीन कुरिअर केलाय, साइज एक्सएल, बसत नसेल तर ठेवून देऊ नको, सांग.

लगेच फोन करायची गरज नाही. बाबांना गाडी घेऊन बाहेर जायचं असेल तर जाऊ देत, रेनकोट घाला म्हणावं. रविवारी मीच लावतो. आईनं "जेवलास काय" विचारलं तरी चालेल, मी जेवलो म्हणणार.

सोनू