तुझ्या अकरा चुका आणि माझी एक

प्रिय विनू,

तुझं पत्र पोचलं. ‘ग्रॅव्हिटी’ या अंतराळपटातल्या चुकांची यादी वाचून इतका वैतागलो, की परवा रात्री सिनेमाच पुन्हा लावला. तुझा कागद मांडीवर, हातात रिमोट. अकरापैकी निम्म्याहून जास्त चुका मान्य. पण दोन ठिकाणी तू स्वतःच घसरला आहेस, आणि सगळ्यांत मोठी चूक तर तुझ्या नजरेतून साफ सुटली आहे.

आधी तुझं घसरणं. ‘अंतराळात आवाज कसा येतो’ असं तू मोठ्या तोऱ्यात विचारलं आहेस. अरे, येतच नाही! मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. स्थानकाच्या ठिकऱ्या उडतात तेव्हा जे ऐकू येतं ते स्टीव्हन प्राइसचं संगीत. बाकी आवाज येतो तो फक्त रेडिओवरून, नाहीतर वस्तूला हात लागल्यावर. सुरुवातीला स्टोन, म्हणजे सिनेमाची अंतराळवीर नायिका, पान्याने काम करत असते ना, तेव्हाची ती दबकी घरघर हातमोज्यातून, हाडातून आल्यासारखी वाटते. हवा नसली तरी कंपनं स्पर्शातून येतातच. बहुतेक अंतराळपट या बाबतीत खुशाल गडगडाट करतात, याने केला नाही.

दुसरं, स्टोन अग्निशामक नळकांड्याच्या फवाऱ्यावर अंतराळात पुढे सरकते, त्याला तू बाष्कळ म्हणालास. ३ जून १९६५ला अमेरिकी अंतराळवीर एड व्हाइट जेमिनी-४ या यानातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या हातात दाबलेल्या वायूची बंदूकच होती. वायू एका दिशेला सोडायचा, आपण उलट्या दिशेला सरकायचं. काही मिनिटांत त्यातला वायू संपला, ही गोष्ट वेगळी. खरी अडचण दुसरीच आहे. फवारा शरीराच्या गुरुत्वमध्याच्या रेषेत धरला नाही तर पुढे जाण्याऐवजी माणूस भोवऱ्यासारखा फिरत बसेल.

आता तुझा सगळ्यांत पक्का मुद्दा, हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकापर्यंतचा प्रवास. इथे हात टेकले. सिनेमा आला तेव्हा हबल साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, स्थानक चारशेच्या. पण खरा घोळ उंचीचा नाहीच, कलाचा आहे. हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली, स्थानकाची ५१.६ अंशांनी. मी कागदावर गणित मांडून पाहिलं. दोन्ही कक्षांची पातळी जितकी जुळायची तितकी जुळली, तरी सेकंदाला निदान ३ किलोमीटरने वेग बदलावा लागतो. आणि स्टोनच्या सोबत्याच्या, म्हणजे जॉर्ज क्लूनीच्या, पाठीवर जे यंत्र आहे, तसं खरं यंत्र १९८४मध्ये वापरलं गेलं, त्याची टाकी रिकामी होईपर्यंतची एकूण ऐपत सेकंदाला २५ मीटर! त्याच्या जोरावर तो गप्पा हाणत स्थानकाकडे निघतो.

खुद्द नासाच्या शटल यानालासुद्धा हे जमण्यासारखं नव्हतं. मे २००९मध्ये अटलांटिस हबलच्या शेवटच्या दुरुस्तीला गेलं. वर काही बिघडलं तर स्थानकावर आसरा घेता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शेजारच्या तळावर एंडेव्हर हे दुसरं शटल सुटकेसाठी सज्ज उभं केलं होतं. त्या दोन उभ्या शटलवर एक वेगळा सिनेमा निघेल. पण दिग्दर्शक कुआरोनला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. हबल, हे स्थानक आणि पुढचं चिनी स्थानक ही तीन ठिकाणं जवळजवळ ठेवली नाहीत तर कथाच चालत नाही. अशा लबाडीला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती पुढच्या प्रसंगाला, आणि तू त्याबद्दल अक्षर लिहिलं नाहीस! स्टोनच्या पायाला स्थानकाला जोडलेल्या सोयुझ या रशियन यानाच्या पॅराशूटच्या दोऱ्या गुरफटलेल्या, तिच्या हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला क्लूनी. दोऱ्या ताणल्या जातात, हिसका बसतो, दोघंही थांबतात. थांबतात, विनू! तिथे प्रसंग संपला. पृथ्वी स्थानकाला, तिला आणि त्याला सारखीच ओढते आहे, तिघंही एकत्रच पडत आहेत, मग एकट्या त्याला आणखी दूर कोण ओढणार? तिने पट्ट्याला दोन बोटांनी हलका झटका दिला असता तर तो तरंगत तिच्यापाशी आला असता. त्याऐवजी तो कड्याला लोंबकळणाऱ्या माणसासारखा हुक सोडतो आणि निघून जातो. काही जण म्हणतात, स्थानक फिरत होतं, गोफणीतल्या दगडासारखा तो बाहेर फेकला जात होता. पण तेवढा ताण यायला स्थानक चांगलं गरगरायला हवं, पडद्यावर तसं काही दिसत नाही. सिनेमाचं नाव गुरुत्वाकर्षण, आणि नसलेलं गुरुत्वाकर्षण ऐन मोक्याला पैदा करायचं!

अश्रूंचं तुझं बरोबर आहे. वजनरहित अवस्थेत अश्रू ओघळत नाही आणि असा सुटून कॅमेऱ्याकडेही येत नाही, पृष्ठताणामुळे डोळ्यालाच थेंबाचा गोळा चिकटून राहतो. केसांचंही बरोबर, ते तरंगायला हवे होते. आणि पोशाख उतरवल्यावर आत नुसती बनियन आणि चड्डी? खरं तर आत अंगभर बारीक नळ्यांचा थंडाव्याचा पोशाख असतो, त्यात नव्वदेक मीटर नळी, आणि खाली डायपर. ते दाखवलं असतं तर गर्भातल्या बाळासारखी ती अंग दुमडून तरंगते, ते दृश्य कसं दिसलं असतं याची कल्पना कर.

अवकाशातल्या कचऱ्याची कल्पना मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. एका टकरीचे तुकडे पुढच्या टकरी घडवतात, हे डोनाल्ड केसलरने १९७८मध्येच मांडलं होतं. दळणवळणाचे मोठे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतात, त्यामुळे या कचऱ्याने नासाचा संपर्क तुटणं अवघडच. पण सिनेमात रशिया स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडतो ना? सिनेमा २०१३चा, आणि १५ नोव्हेंबर २०२१ला रशियाने खरोखरच आपला कॉसमॉस-१४०८ फोडला. स्थानकावरच्या मंडळींना आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. बातमी वाचली तेव्हा पहिली आठवण तुझीच झाली होती.

आणि एवढा निष्काळजी वाटणारा हा कुआरोन कुठे काटेकोर आहे बघ. २००९च्या त्या मोहिमेत अंतराळवीर माइक मॅसिमिनो हबलवर काम करत होता. एका दांड्याचा स्क्रू निघेना, शेवटी त्याने दांडाच हाताने उपटला. त्याने वर वापरलेली एक खास तारकात्री होती, दुसऱ्या कुणाकडे नसावी अशी. तीच कात्री त्याला या सिनेमात दिसली. सांग, प्रेक्षकांपैकी कितीजणांना ती ओळखू येणार होती? शिवाय सुरुवातीलाच मागे तरंगणारा तो अंतराळवीर ‘मेरा जूता है जापानी’ गातो, ते तू ऐकलंस की नाही? तुझ्या यादीत उल्लेख नाही, म्हणजे तेव्हाही तू केसच बघत होतास.

एक काम कर. स्टोनला रेडिओवर भलताच माणूस सापडतो, पलीकडे कुत्री भुंकतात, बाळ रडतं, तो प्रसंग पुन्हा बघ. मग ‘आनिंगाक’ हा छोटा चित्रपट लाव, कुआरोनच्या मुलाने, होनासने केलेला. त्यात तेच बोलणं ग्रीनलंडच्या बर्फावरून ऐकू येतं. त्या माणसाला तिची भाषा कळत नाही, आणि आपण कुणाशी बोलतोय याचा पत्ताही नाही. त्यात चुका सापडल्या तर लगेच कळव. अकराच्या वर गेल्या तर मीच फोन करीन.

तुझा,
बंड्या