पहिली एमी बोलक्या बाहुलीवालीला मिळाली होती

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पुरवणीत एमी पुरस्कारांचं, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या बक्षिसांचं पान बघितलं, सगळे फोटो गाऊनचेच, कोणी काय घातलं, कोणाचा हार कसा होता, आणि कार्यक्रमांबद्दल जेमतेम चार ओळी. म्हणून लिहायला बसले, जरा लांबलं तर कात्री लावा.

हा सोहळा पहिल्यांदा झाला 25 जानेवारी 1949 ला, लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड अॅथलेटिक क्लबमध्ये. तिकीट होतं 5 डॉलर. बक्षिसं एकूण 6, आणि तीही फक्त लॉस एंजेलिसच्या आसपासच्या टीव्हीसाठी, न्यूयॉर्कवाल्यांना त्यात जागाच नव्हती. म्हणजे थोडक्यात गावातल्या गणेशोत्सवाचा बक्षीस समारंभच म्हणा ना! पण त्यातली अगदी पहिली एमी कोणाला गेली माहितीये? शर्ली डिन्सडेल नावाच्या 22 वर्षांच्या मुलीला, जी जूडी स्प्लिंटर्स नावाच्या बाहुलीला मांडीवर बसवून बोलतं करायची. रामदास पाध्ये आणि अर्धवटराव बघत वाढलेल्या आमच्या पिढीला हे वाचून किती गंमत वाटेल सांगा, आपल्याकडे शब्दभ्रम म्हटलं की लगेच 'पोरांचा खेळ' म्हणून बाजूला काढतात. ही मुलगी पुढे टीव्ही सोडून हॉस्पिटलात श्वासाच्या पेशंटवर उपचार करायला लागली, ते मला बक्षिसापेक्षाही आवडलं.

सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रमाचं बक्षीस गेलं 'पँटोमाइम क्विझ'ला, म्हणजे आपण पिकनिकला खेळतो ते डम शेराज, बाकी काही नाही. एक बक्षीस तांत्रिक कामाला होतं, आणि एक चक्क ज्याने ती ट्रॉफी घडवली त्या लुई मॅकमॅनसला, ट्रॉफीवरच्या पंखवाल्या बाईसाठी त्याने बायकोलाच मॉडेल म्हणून उभं केलं होतं. नावसुद्धा कुठल्या हिरॉइनचं नाही हं, इमेज ऑर्थिकॉन म्हणून कॅमेऱ्याची ट्यूब असायची, तिला तिथले लोक लाडाने 'इमी' म्हणायचे, त्याचं झालं एमी. म्हणजे नाव कॅमेऱ्याच्या नळीचं आणि आता टेक्निशियन मंडळींची बहुतेक बक्षिसं वेगळ्याच दिवशी देऊन टाकतात, मुख्य सोहळ्यात ती दिसतच नाहीत.

1952 चा किस्सा तर आपल्या चॅनलवाल्यांना ऐकवायलाच हवा. रेड स्केल्टन या विनोदी नटाला कॉमेडीचं बक्षीस मिळालं, तो स्टेजवर गेला आणि सरळ म्हणाला की हे चुकीच्या लाल केसवाल्याला दिलंय, हे ल्युसिल बॉलचं आहे (तीही विनोदी नटी, आणि केस तिचेही लालच). आपल्याकडे प्रत्येक चॅनलचा स्वतःचा सोहळा, स्वतःच्याच मालिका, स्वतःचीच बक्षिसं, घरच्या लग्नात घरच्यांनीच घरच्यांना आहेर केल्यासारखं. तिथे असं कोण बोलणार आणि कशाला बोलणार, दुसरा कोणी स्पर्धेत असेल तर ना!

तर पुढच्या वर्षी गाऊनचं पान कराल तेव्हा एका कोपऱ्यात शर्ली आणि तिच्या जूडीचा फोटो छापा. छोटा असला तरी चालेल.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली