रुगेंडासची झाडं गिरवण्याआधी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

चित्रकार रुगेंडासच्या ब्राझीलच्या छापील चित्रांवरून झाडं गिरवायला घेतलीस म्हणतेस. जरा थांब. त्या छापाखाली दोन नावं असतील ती आधी वाच: एक मूळ रेखाटन करणाऱ्याचं, दुसरं ते दगडावर उतरवणाऱ्याचं. १८२७ ते १८३५ या काळात पॅरिसच्या एंगेलमान या छापखान्याने काढलेल्या त्या १०० शिलाछापांवर (लिथोग्राफ) अनेकांचे हात फिरलेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते जंगल पाहिलेलंही नसावं. शिवाय दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, आणि मेणकट खडूने पानापानातला बारीक फरक एकाच करड्या छटेत बुडतो. निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टला नेमका हाच फरक हवा होता: कुठल्या झाडाचा घेर कसा, वेल कुठून चढते.

रुगेंडास मूळचा जर्मनीतल्या ऑग्सबर्गचा, जन्म १८०२. घराणं पिढ्यान्‌पिढ्या लढायांची चित्रं काढणारं. १८२१ मध्ये लांग्सडोर्फच्या ब्राझील-शोधमोहिमेवर चित्रकार म्हणून निघाला, १८२४ मध्ये भांडून बाहेर पडला. बरंच झालं म्हणायचं! पुढे इटलीत तैलरंगांत झटपट अभ्यासचित्रं करायला शिकला आणि १८३१ ते १८३४ मेक्सिकोत तेच करत हिंडला. मग चिली, अर्जेंटिना (तिथे घोड्यावरून पडून डोक्याला जबर इजा), पेरू. त्याची सुमारे ३००० चित्रं-रेखाटनं बव्हेरियाच्या राजाने वार्षिक तनख्याच्या बदल्यात घेतली. त्यांचा मोठा भाग तुझ्याच म्युनिकमध्ये, सरकारी चित्रसंग्रहात आहे. गिरवायचं तर मेक्सिकोची अभ्यासचित्रं गिरव.

रंगांच्या नळ्या १८४१ नंतरच्या. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधत, खिळ्याने भोक पाडून पिळत आणि तोच खिळा बुचासारखा खोचत. भोकाशी रंग वाळून बसे, उन्हात पिशवी फुटे. म्हणून बाहेर नेताना रंग मोजकेच घेत.

तूही बाहेर जाऊन तैलरंगांत कागदावर करणार असशील तर कागदाला सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद) लावल्याशिवाय करू नकोस. कोऱ्या कागदात जवसाचं तेल मुरतं. काही वर्षांत तो पिवळा पडून ठिसूळ होतो. लिटरभर पाण्यात ६०-७० ग्रॅम सरस रात्रभर भिजव, दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळव. उकळू देऊ नकोस, चिकटपणा जातो. दोन्ही बाजूंना लाव, नाहीतर कागद वळतो. आधी आकाश, पातळ. दीड तासात ऊन फिरतं, तेव्हा थांबायचं. काळ्याचा जाड थर खाली नको: तो उशिरा वाळतो, वरचा अंबर (तपकिरी मातीचा रंग) लवकर, आणि तडे जातात.

परत येताना ओली चित्रं तोंडाला तोंड लावून ठेव, पण चारही कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या घाल. गुंडाळी मात्र करू नकोस.

तुझे बाबा