वाचनालयाच्या सभागृहाला कुलूप : मा. उच्च व तंत्र शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांच्या मोफत कार्यक्रमांना सभागृह विनाभाडे मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये आपल्या खात्याकडे येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. मी तालुक्याच्या गावी राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून येथील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सदस्य आहे. वाचनालय नगरपरिषदेच्या इमारतीत आहे. तळमजल्यावर देवघेव विभाग आणि मुक्तद्वार वाचन विभाग आहे आणि वरच्या मजल्यावर सभागृह. या सभागृहाचे नूतनीकरण झाले, तेव्हा उद्घाटनाला आलेल्या लोकप्रतिनिधींनी भर सभेत शब्द दिला होता की, वाचनालयाच्या मोफत कार्यक्रमांसाठी येथे एक पैसाही भाडे कधी आकारले जाणार नाही. त्या शब्दावर विसंबून आम्ही तो लेखी मागितला नाही. गेल्या महिन्यात आम्हाला नगरपरिषदेचे पत्र आले की, सभागृह यापुढे भाडेतत्त्वावर देण्यात येईल, अर्ध्या दिवसाचे भाडे २,५०० रुपये, अनामत ५,००० रुपये, आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागेल. पत्र हाती पडले त्याच आठवड्यात वरच्या दाराला कुलूप लागले.

तो शनिवार होता. दर शनिवारी दुपारी आमची बालसभा भरते. तिला वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली, इंग्रजी माध्यमाची आणि आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे आजीजवळ राहिलेली मुले एकाच सतरंजीवर बसून गोष्टी ऐकतात, वाचून दाखवतात, एकमेकांची पुस्तके ओढून घेतात. त्या दिवशी शेजारच्या तालुक्यातून बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारे एक गृहस्थ पदरमोड करून एसटीने आले होते. इतर सामानाखाली दबून बाहुलीच्या तोंडाची दोरी तुटू नये, म्हणून त्यांनी पेटी सगळी वाट मांडीवर धरून आणली होती. किल्ली नगरपरिषदेत होती आणि सुट्टी असल्याने कार्यालय बंद होते. मुलांना मी जिन्यावर बसवून पाहिले, पण मागच्यांना काही दिसेना आणि पुढची उठून उभी राहू लागली. खाली वाचन विभागात स्पर्धा परीक्षेची मुले अभ्यास करत होती, त्यांना उठवणे मला पटेना. शेवटी त्या गृहस्थांनी पेटी न उघडताच परतीची गाडी धरली. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

महोदय, तालुक्याच्या गावात वाचनालयाचा मोफत कार्यक्रम म्हणजे काय असतो, हे मंत्रालयातून दिसत नसावे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त तलाठ्यांनी आमच्याकडे 'सातबारा कसा वाचावा' या विषयावर सलग काही रविवार माहिती दिली. फळ्यावर रकाने आखून त्यांनी भोगवटादार कोण, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे, फेरफार क्रमांक कशासाठी पाहायचा, आठ-अ म्हणजे काय, हे अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसांना समजेल असे सांगितले. दुसऱ्या रविवारी एका बाईंनी पिशवीतून आपला उतारा काढून पुढे केला, तेव्हा वडिलांच्या वारसांत भावांची नावे आहेत आणि आपले नाही, हे त्यांना त्या सतरंजीवर बसून कळले. त्यांनी पुढे अर्ज केला, त्यांचे प्रकरण चालू आहे. हीच माहिती कचेरीच्या आवारात विचारायला गेले की आधी फी सांगतात. हा कार्यक्रम २,५०० रुपये भरून आम्ही घेऊ शकलो असतो का? आणि ऐकायला येणाऱ्यांकडून तिकीट घेतले असते, तर त्या बाई आल्या असत्या का?

दिवाळी अंकांचे प्रदर्शन, २७ फेब्रुवारीचे कवितावाचन, पोलीस भरतीत आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झालेल्या गावच्या मुलामुलींनी मागच्यांना केलेले मार्गदर्शन, हेही सारे याच सभागृहात होते. आणि बुधवारचे महिला वाचन मंडळ. त्याबद्दल लिहिताना मला स्वतःविषयी लिहावे लागेल आणि ते मी टाळणार नाही. यजमान गेल्यानंतर कितीतरी महिने मी घराबाहेर पडत नव्हते. मुलगा पुण्याला, सून नोकरीला. फोन रोज येत असे, पण फोन ठेवल्यावर घर पुन्हा तसेच होई. वाचनालयाच्या बायका मला हाताला धरून त्या मंडळात घेऊन गेल्या. तेथे आठवडाभरात वाचलेल्या पुस्तकाविषयी प्रत्येकीने बोलायचे असते. पहिल्या बुधवारी मला एक वाक्यही पुरे करता आले नाही आणि कोणी मला घाई केली नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी जे झाले नाही, ते त्या बैठकीने केले, असे मी आजही मानते. आमच्या मंडळात माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या आणखी बायका आहेत. त्या आता कोठे जमणार? देवळाच्या मंडपात जमता येते, पण तेथे मोठ्याने वाचता येत नाही आणि सर्वच जणींना तेथे मोकळेपणाने बसता येत नाही. हॉटेलात बसायचे तर पैसे पडतात. पैसे न देता, कोणाची परवानगी न मागता, जातधर्म न सांगता चार माणसांना एकत्र बसता येईल अशी या गावातली एकच जागा होती.

कुलपाची विचारणा करायला मी संबंधित कार्यालयात गेले, तेव्हा मला टेबलासमोर बराच वेळ उभे ठेवण्यात आले. गुडघ्यांमुळे मला फार वेळ उभे राहता येत नाही, हे समोर दिसत होते. शेवटी उत्तर मिळाले की, मोफत कार्यक्रमाला सभागृह हवेच कशाला, घरी घ्यावा. उभा जन्म या गावातल्या मुलांना अक्षरे शिकवण्यात गेला आणि म्हातारपणी हे ऐकावे लागले. त्याच सभागृहात त्याच आठवड्यात एका कंपनीच्या भांड्यांची विक्री लागली होती, कारण त्यांनी भाडे भरले होते.

आता आपल्या खात्याविषयी. २०१५ पासून दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांची जयंती वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. जानेवारी २०२५ मध्ये 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा झाला. मराठी भाषा गौरव दिन असतो, भाषा पंधरवडा असतो. प्रत्येक वेळी सूचना येतात की, सामूहिक वाचन घ्या, लेखकांना बोलवा, विद्यार्थ्यांना जमवा, अहवाल आणि छायाचित्रे पाठवा. आम्ही सगळे मनापासून करतो. परंतु हे लोक जमवायचे कोठे आणि त्यांच्या चहापाण्याचा, पाहुण्यांच्या प्रवासाचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, याविषयी आमच्या हाती आलेल्या एकाही सूचनेत एक ओळ नसते. शासनाचे एक खाते आम्हाला कार्यक्रम घ्या म्हणून सांगते आणि दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीतली संस्था त्या कार्यक्रमाच्या दाराला कुलूप लावते. नगरपरिषदा नगरविकास खात्याकडे आहेत, आमच्याकडे नाहीत, असे उत्तर कृपया देऊ नये. सामान्य माणसाला शासन एकच असते.

पैशांचा हिशोब मांडते. परिरक्षण अनुदानात, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठी मिळणाऱ्या वार्षिक रकमेत, आपल्या शासनाने २०२२-२३ पासून ६० टक्के वाढ केली, त्याबद्दल आम्ही त्या वेळी आभार मानले होते. शासन ग्रंथालयांना 'अ' ते 'ड' असे वर्ग देते. त्या वाढीने आमच्यासारख्या तालुका 'ब' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान २,८८,००० रुपयांवरून ४,६०,८०० रुपये झाले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे महिन्याला १९,२०० रुपये, आणि तेवढ्यात ग्रंथपाल, लिपिक व शिपाई अशी तीन माणसे. आमचे ग्रंथपाल पदविकाधारक आहेत, त्यांना कोणत्या पुस्तकात कोणता संदर्भ आहे हे पान उघडण्याआधी ठाऊक असते, आणि घर चालवण्यासाठी ते सकाळी वर्तमानपत्रे टाकतात. उरलेल्या निम्म्या रकमेत पुस्तके, नियतकालिके, वीजबिल, बांधणी, दुरुस्ती, लेखापरीक्षण. नुसत्या शनिवारच्या बालसभेचे नव्या दराने वर्षाचे भाडे १,३०,००० रुपयांच्या घरात जाते, म्हणजे वेतनेतर रकमेच्या निम्म्याहून अधिक. 'ड' वर्गाच्या गावच्या ग्रंथालयाला तर त्याच वाढीनंतर वर्षाला ४८,००० रुपये मिळू लागले. ही बालसभा त्यांनी घ्यायची म्हटली तर भाडेच अनुदानाच्या अडीच पटीहून अधिक होईल. हे दर ठरवणाऱ्यांनी एकदा तरी कागदावर आकडेमोड केली होती का?

हे आजचे नाही आणि एका गावाचेही नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला होता. मद्रासने १९४८ मध्ये कायदा करून मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर बसवला, त्यामुळे तेथे ग्रंथालयाला हक्काचा पैसा मिळू लागला. महाराष्ट्राने १९६७ मध्ये अधिनियम केला, पण त्यात असा कर ठेवला नाही, आणि तेव्हापासून आम्ही अर्थसंकल्पात आमच्यासाठी काय उरते याची वाट पाहत बसतो. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदोपत्री चालणारी ग्रंथालये सापडली, हे योग्यच झाले. परंतु त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ थांबवण्यात आली आणि कैक वर्षे थांबलेलीच राहिली. चोरी कोणी केली आणि शिक्षा कोणाला झाली? ज्यांनी आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवही निष्ठेने लिहिली, त्यांना. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना चालना देणे हे नगरपालिकांचे काम म्हणून लिहिले आहे. प्रत्यक्षात कितीतरी नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले, निवडणुका झाल्या नाहीत, आणि त्या काळात दाद मागायला वॉर्डाचा नगरसेवकदेखील नव्हता. उत्पन्न वाढवा म्हणून वरून आदेश आला की हात पोहोचतो तो वाचनालयापर्यंत, कारण वाचनालयाची माणसे रस्ता अडवत नाहीत आणि मतांचा गठ्ठाही त्यांच्याजवळ नसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही याच सभागृहात साखर वाटली होती. अभिजात भाषेतली गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला ऐकवायला आता भाडे मोजायचे, हे मला सहन होत नाही.

१९६७ च्या अधिनियमानुसार राज्य ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे. तेव्हा माझी मागणी आपल्याकडेच आहे. मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांच्या प्रवेशशुल्क नसलेल्या कार्यक्रमांना नगरपरिषद, नगरपंचायत आणि ग्रामपंचायत यांची सभागृहे विनाभाडे व विनाअनामत मिळावीत, असा शासन निर्णय नगरविकास आणि ग्रामविकास खात्यांशी बोलून काढावा. तोंडी सूचना नकोत, तोंडी शब्दाचे काय होते ते वर लिहिले आहे. महिन्याचे ठरलेले वार एकाच अर्जावर वर्षभरासाठी मंजूर व्हावेत आणि किल्लीची एक प्रत ग्रंथपालाकडे राहावी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी कोणाला दारातून परत जावे लागणार नाही. परिरक्षण अनुदानात कार्यक्रमांसाठी वेगळे शीर्ष असावे. ते लहान असले तरी चालेल, पण पुस्तकांच्या पैशांतून चहा पाजायची वेळ आमच्यावर येऊ नये. आणि आमच्या गावापुरते म्हणाल तर, भाड्याच्या पत्राला शासन निर्णय होईपर्यंत स्थगिती द्यावी.

जाता जाता हेही सांगते की, भाडे भरून कार्यक्रम घेण्यासाठी गावातल्या दोन व्यापाऱ्यांनी आम्हाला देणगी देऊ केली आहे. कार्यकारी मंडळाने ती घेतली नाही, कारण एकदा भाडे भरले की ते भरण्याची पद्धत पडेल आणि ज्या गावात देणगीदार नाहीत त्या गावाच्या वाचनालयाला ते बंधनकारक होईल. बालसभा सध्या माझ्या घराच्या ओसरीत भरते. तेथे जेमतेम पंधरा मुले मावतात, बाकीच्यांना आळीपाळीने बोलवावे लागते, आणि कोणाला कोणत्या शनिवारी नाही म्हणायचे ते मला ठरवावे लागते. १५ ऑक्टोबरच्या आत निर्णय झाला, तर यंदाचा वाचन प्रेरणा दिन सभागृहात घेता येईल.

या पत्राची प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकारी आणि नगरपरिषदेचे मुख्याधिकारी यांना देत आहे. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व सार्वजनिक वाचनालयाची कार्यकारी मंडळ सदस्य