सूचना : कुत्र्यांची रेबीज लस

सर्व सभासदांना, पिल्लू 3 महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस टोचून घ्या. वर्षभराने बूस्टर (पुन्हा द्यायचा डोस), पुढे डॉक्टर सांगतील त्या मुदतीत. तारीख विसरली की बूस्टर चुकतो, म्हणून पुढची तारीख आणि बाटलीवरचा बॅच नंबर कार्डावर लिहून घ्याच. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली हवी. गोठलेली लस निकामी. ताप, जुलाब असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. तोंडावर सूज किंवा उलट्या दिसल्या तर लगेच सांगा.

पहिल्या लसीनंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे 4 आठवडे लागतात, तोवर भटक्या जनावरांपासून लांब ठेवा.

कुत्रा माणसाला चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, हळद-तिखट लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.