फियाटवाल्या मेस्त्री अण्णांना

अण्णा, तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही कानडीत "आगतैति बिड्री", म्हणजे होतंय हो, सोडा, म्हणता आणि दुसऱ्या गाडीच्या बॉनेटात डोकं घालता. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहिते.

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमची फियाट, बेळगावात उद्यमबागेत तुमच्याकडं आली तेव्हा तिची दशा तुम्ही बघितलीच. बाबा गेल्यावर आधी ज्या गॅरेजात दिली त्यांनी अ‍ॅडव्हान्स घेतला, सगळा पावसाळा गाडी उघड्यावर ठेवली, वर मूळचा कार्बोरेटर कुठं गेला विचारलं तर "मॅडम, ह्याला आता भंगारवालाच बघतो" म्हणून हसले. त्या हसण्याचा राग अजून गेला नाही माझा. जमत नसेल तर नाही म्हणा की, कुणाच्या वडिलांच्या वस्तूला हसायचं कशाला?

1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला, आणि आमच्या शहापुरातल्या गल्लीत लाईट नेमकी तेव्हाच जायची. आमचा टीव्ही छोटा, ब्लॅक अँड व्हाईट, बारा व्होल्टवर पण चालणारा. लाईट गेली की बाबा बनियनवरच खाली पळायचे, फियाटची बॅटरी सोडवून वर आणायचे, वायरी जोडायचे, आणि पडदा थरथरत उजळला की सगळी गल्ली ओरडायची. पोरं पुढं फरशीवर, बायका मागं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. मग महाभारत आलं, 1990 पर्यंत परत तेच. बॅटरी आधीच जुनी, एपिसोड संपेपर्यंत दमलेली असायची, मग बघायला आलेले सगळेच खाली उतरून गाडीला धक्का द्यायचे, बाबा स्टेअरिंगजवळचा गिअर सेकंडला टाकून क्लच सोडायचे आणि गाडी खोकत खोकत चालू व्हायची. आमचं लहानपण म्हणजे ती गाडी आणि तो टीव्ही, दोन्ही एकाच बॅटरीवर.

तुम्ही इंजिन केलं, गिअरच्या दांड्याचे झिजलेले बुश लेथवर नवीन करून घेतले, कार्बोरेटर कुठनं पैदा केला ते तर अजून सांगितलं नाही. ते सगळं मोठंच काम आहे अण्णा. पण मला रडू आलं ते चिमट्यामुळं. थंड इंजिन चालू करताना ओढायचा चोकचा नॉब आत सरकू नये म्हणून बाबा त्याला कपड्याचा लाकडी चिमटा लावायचे. डॅशबोर्ड खोलताना दुसऱ्या कुणीही तो फेकला असता. तुम्ही जपून ठेवलात, स्प्रिंगचा गंज काढलात, तेलाचा थेंब सोडलात, आणि नवीन केबल बसवल्यावर चिमट्याची गरजच राहिली नव्हती तरी होता तिथंच परत लावून दिलात. आई गाडीत बसली, तिची नजर तिथं गेली, तिनं हळूच हात लावून बघितलं. तेव्हा तुम्ही बाजूला जाऊन कापडानं हात पुसत उभे राहिलात, एक शब्द बोलला नाहीत.

एवढी समज सोफा आणि कॉफीवाल्या शोरूममध्ये पण मिळाली नाही आम्हाला. तुमच्या गॅरेजात निम्मं कानडी निम्मं मराठी, कोण कुठला कुणी विचारत नाही, पोराकडं पाना मागताना सुद्धा तुम्ही "तम्मा", म्हणजे धाकट्या भावा, म्हणून मागता. अशी माणसं भेटली की बरं वाटतं हो, लई बरं वाटतं.

खंडेनवमीला गाडी घेऊन येते, आईला पण आणते. तिनं सांगितलंय, नारळ तुम्हीच फोडायचा आणि त्या दिवशी जेवायला आमच्याकडं, तम्माला पण घेऊन या.