मेजाखालची तवली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात सातव्या पानावर 'चिमुकल्या हातांची सिरॅमिक किमया' या मथळ्याखाली छायाचित्र पाहिले. छान आहे. प्रमुख पाहुणे छान, त्यांचा पांढराशुभ्र शर्ट छान, आणि मेजावरची सहा मडकी तर फारच छान. इतकी छान की त्यांतली तीन मी लांबूनच ओळखली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस करून ती मीच आणली होती. 'रंगवण्यासाठी तयार मडकी पाठवा' असा शाळेतून निरोप होता, म्हणून. तुमच्या बातमीदाराने त्यांना 'विद्यार्थ्यांनी साकारलेली' म्हटले आहे. मुलांनी त्यांवर अ‍ॅक्रिलिकचे मोर काढले, एवढे खरे. मडकी साकारणारा माणूस डिचोलीकडचा, पन्नाशीचा, आणि चिमुकला तर मुळीच नव्हता.

माझी नात सातवीत आहे. पावसाळा लागल्यापासून दर शनिवारी त्यांचा मातीकामाचा वर्ग चालला होता. शिकवायला एक कुंभार यायचे. तिने चाकावर नव्हे, हाताने तवली (स्वयंपाकाचे मातीचे भांडे) केली. माझ्या पोळपाटावर मातीच्या वळ्या वळल्या (पोळपाट अजून लालसरच आहे), एकीवर एक रचल्या, सांध्यांवर काट्याने ओरखडे काढून पातळ चिखल भरला. ओरखडे नसतील तर वाळताना सांधा सुटतो, हे तिने मला सुनावले. साठ वर्षे मातीच्या भांड्यात हुमण शिजवणाऱ्या बाईला!

पुढचे खरे काम वाळवण्याचे. यंदाचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. नऊ दिवस ऊन नाही. अंगावरचे कपडे वाळेनात, तिथे मातीचे काय? तवली मी कपाटावर ठेवली, तुमच्याच दैनिकाच्या पानांत गुंडाळून, आणि रोज सकाळी ओला कागद काढून कोरडा घातला. चौथ्या दिवशी पाहते तर पोटावर उलटी अक्षरे उमटलेली. आरशासमोर धरून वाचले: 'आज वीजपुरवठा खंडित'. नातीला हसू आवरेना. ती अक्षरे पुढे भट्टीत जळून गेली, बातमी मात्र बरेच दिवस खरी ठरत राहिली.

प्रदर्शनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने आधीच ठरली होती. कुंभारदादांनी मुलांची भांडी एकेक हातात घेऊन गालाला लावून पाहिली. गार लागले की आत ओल आहे. म्हणाले, "भितर ओल उरल्यार फुटतली." ते काही गूढ शास्त्र नव्हे. शंभर अंशांवर पाण्याची वाफ होते, जाडजूड बुडातून तिला वाट मिळाली नाही की भांडे फुटते आणि शेजारच्या दोघांना घेऊन जाते. त्यांनी आणखी आठ दिवस मागितले. तारीख हलणार नव्हती. म्हणून मग म्हापशाची मडकी, मोर आणि अ‍ॅक्रिलिक. माशेलच्या चिखलकाल्यात लोळणारी आमची मुले, त्यांना चिखलाचे भय नाही. भय आहे ते मोठ्यांना, कार्यक्रम वेळेवर न होण्याचे.

पाचसात भांडी तेवढी खडखडीत वाळली होती, ती दादांनी आपल्या भट्टीत लावली. आमची तवली त्यांत होती. बाहेर आली ती एका अंगाने काळी, जिथे धूर लागला तिथे, आणि काठ असा तिरका की घोव-बायलेचे भांडण झाल्यासारखा. पण बोटाच्या पेराने वाजवली तर खण्णकन वाजली. माझी आई बाजारात भांडे असेच वाजवून घ्यायची. बद्द आवाज आला की परत.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही घरची पाच माणसे गेलो. मेजावर शोधतोय, तवली नाही. नात माझा पदर ओढून म्हणाली, "आजी, म्हजी तवली मेजापोंदा दवरल्या." खाली वाकून टेबलक्लॉथ उचलला. पुठ्ठ्याच्या खोक्यात, फोटोत बरी दिसत नाही म्हणून ठेवलेली. तिच्यासोबत एक कासव आणि दोन पणत्या. फोटो झाल्यावर वर ठेवू, असे सांगण्यात आले. फोटोनंतर चहा होता.

आता तुमच्या बातमीतल्या 'सिरॅमिक' या शब्दाबद्दल. माझ्या जावयाने सांगितले की हा मूळ ग्रीक शब्द, 'केरामोस', म्हणजे कुंभाराची माती. साधारण सहाशे अंशांपलीकडे भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही, ते सिरॅमिक. त्या हिशेबाने मुलांनी केलेले जे काही सिरॅमिक तिथे होते, ते सगळे मेजाखाली होते. मोर नखाने खरवडले तर निघतात. मी एक खरवडून पाहिला.

शेजारच्या मेजावर अझुलेजो (निळी चित्रे काढून भाजलेल्या टाइल्स) होते, म्हणजे खरे तर न्हाणीघराच्या पांढऱ्या टाइल्सवर निळी स्टिकरे. त्याला तुम्ही 'प्राचीन गोमंतकीय कला' केलेत. अहो, ती पोर्तुगिजांबरोबर आली. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दाराशी आहेत ती चित्रे १९३५ ची, आणि त्यांचा निळा रंग अजून टिकला आहे, कारण तो आगीतून गेलेला आहे. बातमीदाराला अर्धा तास तिथे उभे करा.

बातमीत मान्यवरांची अकरा नावे आहेत, मी मोजली. आठ शनिवार मुलांना माती मळायला शिकवणारे, आपली लाकडे आणि नारळाची सोडणे जाळून भट्टी लावणारे दादा कुठे आहेत? 'तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली' या दोन शब्दांत. त्या दिवशी ते दारापाशी चपलांच्या बाजूला उभे होते. व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या असतील.

तवली आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. दोनदा पेज शिजवून मुरवली, तरी एका सांध्यातून झिरपते, म्हणून तिच्यात सोलां (आमसुले) ठेवली आहेत. शाळेला पत्र लिहिणार नाही, नात तिथेच शिकते. तुम्हाला लिहिते आहे, कारण छायाचित्राखालची ओळ तुमची आहे.

आणखी एक. तुमची रविवार पुरवणी हल्ली चकचकीत कागदावर निघते. तो कागद पाण्याचा थेंब शोषत नाही. चतुर्थीसाठी नातीने उरलेल्या मातीचा उंदीर करायला घेतला आहे, रविवारी त्याला गुंडाळायला घरात काही मिळाले नाही. निदान चतुर्थी होईपर्यंत तरी साधा कागद वापरावा, ही विनंती.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, साखळी